श्वसनयंत्रांच्या यांत्रिक अभियांत्रिकीची वाटचाल आणि नाशिक जिल्हा : निफाड तालुक्याच्या विशेष संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

निरोगी प्रौढ माणूस विश्रांतीच्या अवस्थेत मिनिटाला साधारणपणे बारा ते वीस वेळा श्वास घेतो. प्रत्येक श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा फुप्फुसात जाते व बाहेर येते. ही क्रिया इतकी सहज असते की, ती थांबेपर्यंत तिची जाणीवही होत नाही. आजारपणात ती मंदावली अथवा थांबली तर तिची जागा घेणारे यंत्र तयार करणे वरवर पाहता लोहाराच्या भात्याइतके सोपे वाटते. परंतु भात्याला निखारा फुलवायचा असतो, तर श्वसनयंत्राला अत्यंत नाजूक अशा जिवंत ऊतींशी जुळवून घ्यावयाचे असते. या फरकातूनच श्वसनयंत्रांचे अभियांत्रिकी शास्त्र विकसित झाले.

मार्च २०२० च्या अखेरच्या आठवड्यात नाशिक जिल्ह्यात दोन घटना जवळजवळ एकाच वेळी घडल्या. निफाड तालुक्यातील लासलगाव परिसरात जिल्ह्यातील पहिला कोरोनाबाधित रुग्ण आढळला. त्याच आठवड्यात इगतपुरी येथील महिंद्र समूहाच्या कारखान्यातील आणि मुंबईतील अभियंत्यांनी स्वयंचलित श्वसनयंत्राचा प्राथमिक नमुना तयार केल्याचे जाहीर झाले. इगतपुरी, निफाड आणि लासलगाव ही तिन्ही स्थानके मध्य रेल्वेच्या एकाच लोहमार्गावर आहेत. त्याच निफाड तालुक्यात ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडचा विमाननिर्मिती कारखानाही आहे. मोटार आणि विमान या दोन उद्योगांनी जगभरातील श्वसनयंत्रांच्या विकासात मोठा वाटा उचलला आहे आणि हे दोन्ही उद्योग नाशिक जिल्ह्यात स्थिरावलेले आहेत. या दृष्टीने जिल्ह्याच्या २०२०-२१ मधील अनुभवाकडे पाहणे इतिहासाच्या अभ्यासकास उद्‍बोधक ठरते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. श्वसनयंत्रांच्या विकासात मोटार व विमान उद्योगांचे योगदान स्पष्ट करणे.
२. इगतपुरी व ओझर या केंद्रांचा या विकासाशी असलेला प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष संबंध तपासणे.
३. २०२०-२१ च्या साथकाळात नाशिक जिल्ह्यात यंत्र, प्राणवायू आणि देखभाल यांतील परस्परसंबंध कसा प्रकट झाला, याचे विवेचन करणे.

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक-विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांतून उपलब्ध असलेल्या माहितीचा आधार घेतला आहे.

लोखंडी फुप्फुस आणि मोटार कारखाना

आधुनिक श्वसनयंत्राचा इतिहास पोलिओच्या साथींशी निगडित आहे. पोलिओमुळे श्वसनाचे स्नायू लुळे पडत आणि फुप्फुसे निरोगी असूनही रुग्ण गुदमरून दगावत असे. यावर उपाय म्हणून फिलिप ड्रिंकर व लुई शॉ यांनी अमेरिकेतील बोस्टन येथे एक पेटी तयार केली. १९२८ मध्ये तिचा रुग्णावर प्रथम उपयोग करण्यात आला. रुग्णाचे डोके बाहेर व उर्वरित शरीर बंद पेटीत ठेवून पेटीतील हवेचा दाब आळीपाळीने कमी-अधिक केला जाई. दाब घटला की छाती फुगे आणि तोंडावाटे हवा आत शिरे. हेच यंत्र 'लोखंडी फुप्फुस' या नावाने प्रसिद्धीस आले. त्याची उपयुक्तता निर्विवाद होती, परंतु ते अवजड व महाग होते.

ऑस्ट्रेलियातील एडवर्ड बोथ याने १९३७ मध्ये हीच पेटी प्लायवूडची केली. त्यामुळे तिचे वजन व किंमत दोन्ही कमी झाली. इंग्लंडमधील मोटार उद्योजक लॉर्ड नफिल्ड याचे लक्ष या यंत्राकडे गेले. त्याने १९३८ च्या अखेरीस आपल्या काउली येथील मॉरिस मोटार कारखान्यात ही यंत्रे तयार करून ब्रिटिश साम्राज्यातील रुग्णालयांना विनामूल्य देण्याची तयारी दर्शविली. मोटारी तयार करणाऱ्या कामगारांच्या हातून श्वसनयंत्रे मोठ्या संख्येने बाहेर पडण्याचा हा प्रारंभीचा प्रसंग होय. त्या काळीही काही वैद्यकीय तज्ज्ञांनी आक्षेप घेतला होता. यंत्र देणे सोपे आहे, परंतु ते चालविणारी माणसे सर्वत्र आहेत काय, असा त्यांचा प्रश्न होता. हा प्रश्न पुढे ऐंशी वर्षांनी नाशिक जिल्ह्यातही तितकाच समर्पक ठरला.

मराठी मुलखालाही पोलिओची झळ बसली. १९४९ मध्ये मुंबईत पोलिओची साथ आली आणि त्याच वर्षी तेथे पोलिओ संशोधन केंद्राचा आरंभ झाला. हेच केंद्र पुढे आंत्रविषाणू संशोधन केंद्र म्हणून ओळखले जाऊ लागले. फातिमा इस्माईल यांनी मुंबईत पोलिओग्रस्त बालकांच्या पुनर्वसनाचे कार्य याच सुमारास उभे केले.

पेटीपासून पिशवीपर्यंत

१९५२ मध्ये डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची भीषण साथ आली. लोखंडी फुप्फुसांची संख्या अगदीच अपुरी होती. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी रुग्णाच्या श्वासनलिकेला छेद देऊन तेथून नळीने थेट हवा भरण्याचा मार्ग अवलंबिला. हवा भरण्याचे काम रबरी पिशवी हाताने दाबून केले जाई. त्यासाठी सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून पिशव्या दाबल्या. मृत्यूचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले. बाहेरून छाती ओढण्याऐवजी आतून हवा ढकलण्याचे तत्त्व येथे सिद्ध झाले. अतिदक्षता विभागाची कल्पनाही याच अनुभवातून रुजली.

१९५६ मध्ये होल्गर हेसे व हेनिंग रुबेन यांनी डेन्मार्कमध्येच आपोआप फुगणारी पिशवी तयार केली. तिला सिलिंडरमधील दाबाखालील वायूची अथवा विजेची गरज नव्हती. दाबली की हवा रुग्णाकडे जाई आणि सोडली की बाहेरील हवा घेऊन ती पुन्हा फुगे. एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा हा तिचा आत्मा होता. ही 'अॅम्बू' पिशवी आज रुग्णवाहिकेपासून ग्रामीण रुग्णालयापर्यंत सर्वत्र आढळते. भारतातील सार्वजनिक रुग्णालयांत व्हेंटिलेटर उपलब्ध नसल्यास रुग्णाचे नातेवाईक तासन्‌तास ही पिशवी दाबत बसल्याची उदाहरणे वारंवार नोंदली गेली आहेत. स्वयंचलित पिशवीच्या २०२० मधील प्रयोगांमागे ही सामाजिक वस्तुस्थितीही होती.

इगतपुरीचा नमुना : स्वस्ताई आणि सुरक्षितता

मार्च २०२० मध्ये देशात टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा अत्याधुनिक व्हेंटिलेटरची किंमत पाच ते दहा लाख रुपयांच्या घरात होती. महिंद्र समूहाने या काळात दोन दिशांनी काम केले. एकीकडे सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांसह प्रस्थापित उत्पादकास साहाय्य करणे आणि दुसरीकडे अॅम्बू पिशवी यंत्राने दाबणारे साधे उपकरण तयार करणे, अशा या दोन दिशा होत्या. इगतपुरी व मुंबई येथील अभियंत्यांनी कारखान्यातच मुक्काम करून अठ्ठेचाळीस तासांत नमुना तयार केल्याचे आनंद महिंद्र यांनी २६ मार्च २०२० रोजी जाहीर केले. त्याची किंमत साडेसात हजार रुपयांहून कमी राहील, असा अंदाज व्यक्त करण्यात आला होता. पूर्ण व्हेंटिलेटर उपलब्ध होईपर्यंत रुग्णास तगवून धरणारे तात्पुरते साधन, असेच त्याचे स्वरूप सांगितले गेले. याच वर्षी पुण्यात नोका रोबोटिक्सच्या तरुण अभियंत्यांनी कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखाली पूर्ण क्षमतेच्या व्हेंटिलेटरचा प्रकल्प हाती घेतला होता.

मोटार अभियंत्यांना असे उपकरण इतक्या अल्पावधीत का साधले, याचे उत्तर त्याच्या रचनेत आहे. विद्युत मोटार, तिची गती कमी करणारी दंतचक्रे आणि फिरत्या गतीचे मागे-पुढे होणाऱ्या गतीत रूपांतर करणारी भुजा हे घटक इंजिनाच्या कारखान्यात नित्य परिचयाचे असतात. खरी अडचण त्यानंतर सुरू होते.

पहिली अडचण टिकाऊपणाची होय. मिनिटाला २० श्वास या दराने एका तासात १,२०० आणि एका दिवसात २८,८०० वेळा पिशवी दाबली जाते. चौदा दिवसांत हा आकडा ४,०३,२०० होतो. मानवी हाताने अल्पकाळ दाबण्यासाठी तयार केलेली पिशवी इतके श्रम सोसेलच, असे गृहीत धरता येत नाही.

दुसरी अडचण मोजमापाची. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या वैद्यकीय चाचणीने फुप्फुसाच्या तीव्र दाहात प्रत्येक श्वासाचे आकारमान अपेक्षित वजनाच्या दर किलोस १२ ऐवजी ६ मिलिलिटर ठेवल्यास मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर येते, हे दाखवून दिले. म्हणजेच ७० किलो अपेक्षित वजनाच्या रुग्णास ८४० ऐवजी ४२० मिलिलिटर हवा पुरते, किंबहुना तेवढीच द्यावयास हवी. अधिक हवेने फुप्फुसास इजा होते. पिशवी किती दाबली यावरून रुग्णाच्या फुप्फुसात नेमकी किती हवा पोहोचली, हे कळत नाही. त्यासाठी प्रवाहमापक आणि दाबमापक लागतात.

तिसरी अडचण श्वास सोडण्याची. कोरोनाच्या रुग्णात उच्छ्वासाच्या शेवटीही फुप्फुसात थोडा दाब राखावा लागतो, अन्यथा वायुकोश मिटून जातात. त्याकरिता स्वतंत्र झडप आवश्यक असते. याखेरीज नळी निसटली, दाब वाढला किंवा वीज गेली, तर तत्काळ धोक्याची सूचना देणारी व्यवस्थाही अपरिहार्य ठरते.

अशा प्रकारे साडेसात हजार आणि साडेसात लाख यांतील अंतर केवळ नफ्याचे नव्हते. मोजमाप, नियंत्रण आणि विश्वासार्हता यांची किंमत त्यात अंतर्भूत होती. इगतपुरीच्या प्रयत्नाचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. वाहन उद्योगातील कौशल्य आरोग्याच्या कामी किती वेगाने वळविता येते आणि त्या कौशल्याची मर्यादा कोठे येते, हे दोन्ही त्यातून स्पष्ट झाले.

ओझर आणि आकाशातील श्वास

श्वसनयंत्रांच्या इतिहासातील दुसरा प्रवाह विमानविद्येतून आला. उंची वाढते तसा हवेचा दाब घटतो. सुमारे १८,००० फुटांवर तो समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या वैमानिकांसाठी श्वास घेताच प्राणवायू सोडणाऱ्या झडपा विकसित झाल्या. अमेरिकेतील रे बेनेट आणि वैमानिक असलेले फॉरेस्ट बर्ड यांनी याच ज्ञानाचा उपयोग रुग्णालयासाठी केला. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेले बर्ड यांचे 'मार्क ७' हे छोटेखानी यंत्र केवळ वायूच्या दाबावर चालत असे. ते सहज उचलून नेता येई. सुवाह्य श्वसनयंत्रांच्या परंपरेत त्याचे स्थान मोलाचे आहे.

भारतात लढाऊ विमानांच्या निर्मितीशी निफाड तालुक्याचे नाव १९६० च्या दशकात जोडले गेले. मिग-२१ विमानांच्या परवाना-निर्मितीसाठी १९६३ मध्ये एरोनॉटिक्स इंडिया लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली आणि १ ऑक्टोबर १९६४ रोजी तिच्या विलीनीकरणातून हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड अस्तित्वात आली. विमानाच्या सांगाड्यासाठी ओझर, इंजिनासाठी कोरापुट आणि विद्युत उपकरणांसाठी हैदराबाद अशी विभागणी करण्यात आली. त्या वेळचे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण १९६३ मध्ये नाशिक मतदारसंघातूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. ओझरला मिग-२१ नंतर मिग-२७ आणि २००४ पासून सुखोई-३० एमकेआय ही विमाने तयार झाली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझर येथे तयार झालेल्या पहिल्या तेजस एमके-१ए विमानाने उड्डाण केले.

तेजस विमानाचा संबंध प्रस्तुत विषयाशी थेट येतो. जुन्या लढाऊ विमानांत प्राणवायू साठवून न्यावा लागे. त्यामुळे उड्डाणाचा कालावधी त्या साठ्यावर अवलंबून असे. बंगळुरू येथील संरक्षण जैव-अभियांत्रिकी व वैद्यकीय विद्युत प्रयोगशाळेने तेजससाठी विमानातच प्राणवायू वेगळा करणारी प्रणाली विकसित केली. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के प्राणवायू असतो. दाबाखालील हवा झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजाच्या थरातून नेली असता नायट्रोजन त्यात अडकतो आणि प्राणवायू पुढे जातो. दाब कमी करताच अडकलेला नायट्रोजन सुटून बाहेर पडतो आणि थर पुन्हा वापरण्यायोग्य होतो. दोन थर आळीपाळीने वापरल्यास प्राणवायूचा प्रवाह अखंड राहतो.

एप्रिल २०२१ मध्ये हेच तंत्र रुग्णालयांकडे वळले. संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या या तंत्रावर आधारित वैद्यकीय प्राणवायू प्रकल्पाची क्षमता मिनिटाला १,००० लिटर होती. प्रत्येकी ५ लिटर प्रवाहाने तो १९० रुग्णांना पुरे किंवा दिवसाला १९५ सिलिंडर भरू शके. पीएम केअर्स निधीतून ५०० प्रकल्पांची घोषणा झाली. त्यांपैकी ३८० या तंत्रावर, तर १२० वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या डेहराडून येथील संस्थेच्या तंत्रावर आधारित होते. ओझरच्या कारखान्यात ही वैद्यकीय यंत्रे तयार झाली, असा याचा अर्थ नाही. परंतु जे विमान पुढे ओझरच्या धावपट्टीवरून झेपावले, त्याच्या वैमानिकासाठी केलेल्या संशोधनाने तालुक्या-तालुक्यांतील रुग्णांच्या श्वासाची सोय केली, हा संबंध नोंद घेण्याजोगा आहे.

याच तत्त्वावर मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. मिलिंद अत्रे यांच्या मार्गदर्शनाखाली नायट्रोजन निर्मितीचे संयंत्र केवळ शोषक द्रव्य बदलून प्राणवायूसाठी वापरण्याचा प्रयोग यशस्वी झाला. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातील चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याने इथेनॉल प्रकल्पात बदल करून प्राणवायू निर्मिती हाती घेतली. इथेनॉलमधील पाणी काढून टाकण्यासाठीही झिओलाइटच वापरले जात असल्याने हे परिवर्तन शक्य झाले. उसाचे क्षेत्र असलेल्या निफाडसारख्या तालुक्यांच्या दृष्टीने हे उदाहरण विशेष विचारार्ह आहे.

साखळीतील निखळलेला दुवा

यंत्रे वाढली, तरी त्यांना लागणारा प्राणवायू कोठून येणार, हा प्रश्न एप्रिल २०२१ मध्ये अत्यंत दाहकपणे पुढे आला. सात घनमीटर क्षमतेचा मोठा सिलिंडर मिनिटाला १० लिटर दराने सुमारे साडेअकरा तास पुरतो. अतिप्रवाहाच्या उपकरणास मिनिटाला ६० लिटर प्राणवायू लागला, तर तो दोन तासही पुरत नाही. म्हणूनच मोठ्या रुग्णालयांत उणे १८३ अंश सेल्सिअस तापमानाचा द्रवरूप प्राणवायू टाकीत साठविला जातो. एक लिटर द्रवापासून सुमारे ८६० लिटर वायू मिळतो.

२१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महानगरपालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयातील अशा टाकीला गळती लागली. प्राणवायूचा पुरवठा सुमारे अर्धा तास खंडित झाला आणि किमान २२ रुग्णांना प्राण गमवावे लागले. रुग्णांच्या उशाशी असलेली व्हेंटिलेटरे त्या वेळी बिघडलेली नव्हती. त्यांच्यापर्यंत येणाऱ्या वाहिनीतील दाब नाहीसा झाला होता. तीन दिवसांनी, २४ एप्रिल रोजी, विशाखापट्टणमहून निघालेल्या देशातील पहिल्या 'ऑक्सिजन एक्सप्रेस'चे चार टँकर नाशिकरोडला पोहोचले. त्याआधी तीन टँकर नागपूरला उतरविण्यात आले होते. मनमाडकडून नाशिकरोडकडे येणारा लोहमार्ग लासलगाव व निफाड या स्थानकांवरूनच जातो. कांदा आणि द्राक्षे बाहेर पाठविणाऱ्या या तालुक्याच्या वाटेने त्या वेळी जिल्ह्यासाठी श्वास येत होता.

देखभालीचा दुवाही तितकाच कमकुवत ठरला. शासनाकडून पुरविण्यात आलेल्या व्हेंटिलेटरांतील बिघाडांचा प्रश्न २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आला. यंत्र बसविणे, त्याचे अंशमापन करणे, प्राणवायूचा संवेदक वेळेवर बदलणे आणि परिचारिकांना प्रशिक्षण देणे ही कामे खरेदीच्या आकडेवारीत दिसत नाहीत. परंतु रुग्णाचा जीव त्यांवरच अवलंबून असतो. लॉर्ड नफिल्डच्या देणगीच्या वेळी उपस्थित झालेला प्रश्न येथे पुन्हा समोर आला.

निष्कर्ष

१. श्वसनयंत्रांच्या विकासात मोटार उद्योगाने मुख्यतः उत्पादनक्षमता व स्वस्ताई दिली, तर विमान उद्योगाने झडप, दाबनियंत्रण आणि प्राणवायू पृथक्करण यांचे ज्ञान दिले.

२. इगतपुरीच्या नमुन्याने औद्योगिक कौशल्य आरोग्यसेवेकडे त्वरेने वळविता येते, हे दाखविले. मात्र पिशवी दाबणारे यंत्र आणि अतिदक्षता विभागातील व्हेंटिलेटर यांतील भेद मोजमाप व सुरक्षिततेचा आहे.

३. ओझरचा संबंध अप्रत्यक्ष असला, तरी वैमानिकांच्या प्राणवायूसाठी केलेले संशोधन नागरी आरोग्यास उपकारक ठरले.

४. नाशिकच्या दुर्घटनेने श्वसनयंत्र हे टाकी, वाहिनी, झडप, वीज आणि प्रशिक्षित मनुष्यबळ या साखळीचा शेवटचा दुवा असल्याचे सिद्ध केले. साखळीची क्षमता तिच्या सर्वांत दुबळ्या दुव्याइतकीच असते.

समारोप

निफाड ही न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची जन्मभूमी होय (१८४२). देशाने केवळ कच्चा माल पिकवून स्वस्थ न बसता स्वतःचे उद्योग उभारावेत, हा विचार त्यांनी आग्रहाने मांडला होता. आज निफाड तालुक्यात विमाने तयार होतात. द्राक्षबागांत फवारणीची यंत्रे चालविणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना पंप, दाब व झडपा यांची उत्तम जाण आहे. हे कौशल्य आणि तालुक्यातील रुग्णालये यांच्यात मात्र कायमस्वरूपी दुवा असावयास हवा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वैद्यकीय वायुवाहिन्या व श्वसनयंत्रे यांच्या देखभालीचे शिक्षण देणे, प्राणवायू प्रकल्पांची नियमित चाचणी घेणे आणि पुरवठा खंडित झाल्यास तत्काळ वापरावयाच्या पर्यायी सिलिंडरांचा सराव करणे, ही कामे मोठ्या खर्चाची नाहीत. साथ ओसरली की यंत्रांवर धूळ साचते आणि माणसे पांगतात, हा इतिहासाचा अनुभव आहे. तो पुन्हा येऊ नये यासाठी जिल्ह्यातील महाविद्यालये, उद्योग आणि आरोग्ययंत्रणा यांनी एकत्र येणे अगत्याचे आहे.